तिसऱ्या टाकीतला गारठा

"लय गार हाय इथं..."

अगदी कानाशी कुणीतरी कुरकुरलं.

उत्तराला वाटलं, सासूबाई. पार्वतीबाईंची कुरकूर काही नवी नव्हती. सून द्राक्षाची वाइन करते, पण गावात त्या अजून 'सरबत करते' असंच सांगायच्या.

"पांढऱ्या वाइनला गारच लागतं, आत्या," ती न वळताच म्हणाली.

मग वळली.

खोलीत कुणीच नव्हतं...

खोटं वाटेल. वाटू द्या. पण हे पेडगावच्या शिवारात घडलंय, गेल्या फेब्रुवारीत, सकाळी दहाला, लख्ख उन्हात. रात्रीचं असतं तर उत्तरानं भास म्हणून सोडून दिलं असतं. आजही ती त्या खोलीत एकटी जात नाही.

खोलीत तीन टाक्या. शेताच्या ज्या तुकड्याची द्राक्षं, त्याची वाइन वेगळी. मिसळायची नाही, हा तिचा हट्ट. तिसरी टाकी बुजवलेल्या विहिरीवरच्या तुकड्याची. चव सगळ्यांत न्यारी. रविवारी संभाजीनगरचा हॉटेलवाला तीच चाखायला येणार होता. त्याला आवडली, तरच पाच वर्षांच्या मेहनतीचं चीज.

रस आंबताना टाकीच्या नळीतून बुडबुडे येतात. बुडूक... बुडूक...

आज दोनच टाक्या बोलत होत्या.

तिसरी गप्प.

उत्तरानं तिला कान लावला.

ठक... ठक... ठक...

दगडावर दगड मारावा तसं. खूप खालून.

ती दचकून मागं सरली. पाय ओला झाला. कोरड्या फरशीवर ओली पावलं उमटली होती. अनवाणी. टाकीपासून निघून तिच्या पाठीशी येऊन थांबलेली.

ती बाहेर धावली. नवरा योगीराज कात्रीला धार लावत होता. सासूबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"तिसरी टाकी बंद पडलीय. त्या मातीतच काहीतरी आहे. मी खड्डा घेऊन मुळं बघते."

बाकी दोन्ही तुकड्यांत तिनं असे खड्डे घेतले होते. इथं मात्र दरवर्षी योगीराजचं नवं कारण. एकदा साप, एकदा वायर, एकदा अमावस्या.

"तिथं खड्डा न्हाई घ्यायचा," योगीराज म्हणाला.

"मग 'लय गार हाय इथं' म्हणून आत कुरकुरतंय कोण?"

सूप खाली पडलं.

"कसं म्हणलं?" पार्वतीबाईंचा आवाज फाटला. "परत म्हण."

"आई, गप."

धाकटा दीर सिताराम सात वर्षांपासून 'पुण्याला कंपनीत' होता. उत्तराच्या लग्नाला आला नाही. कधी फोन नाही. दिवाळीला त्याच्या नावाचं ताट मात्र निघायचं, आणि सासूबाई ते विहिरीवरच्या तुकड्यात ठेवून यायच्या.

म्हणायच्या, "पाखरांना."

उत्तरानं टिकाव उचलला.

पार्वतीबाईंनी दांडा धरला. हात बर्फासारखे...

"नको खणू, पोरी. सिताराम पुण्याला गेलाच न्हाई. विहीर बुजवायची म्हणून आतली मोटार काढायला खाली उतरला हुता. खालून वरडला, 'लय गार हाय इथं.' मी भाकरी आणाय घरला गेले. ह्या योगीराजला वाटलं, भाऊबी वर आला, माझ्या मागं घरला गेला. ह्यानं जेसीबी लावला. आले तर विहीर बुजलेली... काठाला चपला. एक गेला हुता, बाई. दुसरा तुरुंगात कसा धाडू?"