दोनच आट्या

हे ऐकल्यावर एकट्यानं घरी जायचं न्हाई, पोरांनो. आधीच सांगून ठेवतो.

जालन्याच्या अलीकडं ती नवी नगरपरिषद झाली ना, तिथं भुजंग पाणी सोडायचा. पाणी बाराव्या दिवशी, तेही रात्री. रस्त्यातल्या खड्ड्यात व्हॉल्व. लांब लोखंडी चावी लावायची, आट्या फिरवायच्या, की गल्लीला पाणी. टोकाच्या गल्लीतल्या पाशामियाँनं साहेबाकडं भुजंगची तक्रार केल्ती. झालं! भुजंगनं त्या गल्लीची मागची पाळीच बुडवली.

दोन वर्षांमागची गोष्ट. मे महिना, एकोणीस तारीख. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. भुजंग नगरसेवकाच्या गल्लीला पाणी सोडून निवांत तंबाखू मळत बसलेला. टोकाचा व्हॉल्व आजबी बंदच.

समोर पाशामियाँ उभे. पायात चप्पल न्हाई.

"भुजंगा, घरात मय्यत हाय. आंघोळ घालायचीय. दोनच आट्या खोल, बेटा."

भुजंगला वाटलं, चाचाची म्हातारी बायको जन्नतबी गेली. तरी हसला तो. "मेलेल्याला कशाची घाई, चाचा? साहेबाकडं अर्ज करा. तुम्हाला सवय हाय की!"

"दोनच आट्या..."

"बारा दिवसांनी या."

म्हाताऱ्यानं रस्त्याकडंच्या मातीकडं बघितलं. खाली वाकला. भुजंगनं तंबाखू तोंडात टाकली, मान वर केली...

रस्ता मोकळा.

वारं न्हाई, काही न्हाई. पण गालावरून कोरडं काहीतरी फिरून गेलं.

तीन वाजता तो टोकाच्या गल्लीवरून निघाला. पाशामियाँच्या घरात दिवा. उंबऱ्यावर जन्नतबी बसलेली. जिवंत.

"भुजंगभाऊ, पानी छोडा क्या?"

आत खाटेवर चादर. चादरीबाहेर दोन पाय. अनवाणी.

"चाचा... कवा गेले?"

"मगरिब के वक्त. दिवस बुडताना."

भुजंग पळत सुटला. चावी लावली. दोन आट्या. दहा. अठरा. कान लावला.

नुसती हवा.

टाकी रिकामी झाल्ती. सगळं पाणी नगरसेवकाच्या गल्लीतून नालीला गेल्तं. गल्लीत प्यायलाबी घोट न्हाई. पाण्याचा जारवाला फोन उचलंना. टँकर दुपारी येणार म्हणे. त्या उन्हात मय्यत ठेवायची कशी? उजाडल्यावर मौलवीसाहेबांनी शेवटी कोरड्या मातीवर तळवे ठेवले आणि पाशामियाँच्या तोंडावरून फिरवले. पाणी नसलं की आंघोळीऐवजी तसं चालतं. जन्नतबी रडली न्हाई. भुजंगकडं बघत राह्यली, बस.

तो घरी आला. बायको उषाबाई दारातच थबकली.

"अहो, तोंडाला माती कुठली?"

दोन्ही गालांवर पाच-पाच बोटं. मातीची. भुजंगनं हंड्यात तांब्या बुडवला. तोंडावर मारला. पुन्हा मारला. उषाबाईनं पदरानं घासलं. मग अख्खा हंडाच डोक्यावर ओतला.

सदरा भिजला. जमीन भिजली.

तोंड... कोरडं.