पाण्यातली वीट

वरकुट्याच्या फाट्यावर मेघना एसटीतून उतरली, तेव्हा वस्तीशेजारच्या मोकळ्या जागेत एक तरुण लोखंडी दांड्याला चक्क लोंबकळत होता. दांडा कसल्याशा यंत्राचा होता आणि तो खाली यायला काही तयार नव्हता. मेघनाला हसू आवरेना.

"साहेब, जेवून आलाय का न्हाय?"

"सकाळपासून चहावर आहे." तो तसाच लटकत म्हणाला, "जरा... हात लावता का?"

ओळख ना पाळख, आणि हा म्हणे हात लावा. तरी तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दांडा धरला. दोघांच्या वजनानं तो मुकाट खाली आला. झाकण उघडलं, तर आत एक तांबूस, गुळगुळीत वीट. तो विटेकडं बघायचं सोडून मेघनाकडंच बघत राहिला.

हा रविंद्र. बारामतीचा इंजिनिअर, घरकुल योजनेवर नवाच लागलेला. वस्तीतल्या घरांचे नकाशे त्यानं बारामतीत बसून कॉम्प्युटरवर काढले होते. आता मुरमाड मातीत थोडं सिमेंट कालवून, यंत्रात दाबून इथंच विटा पाडायच्या होत्या. भट्टी नको, सरपण नको, आणि मंजूर झालेल्या तेवढ्याच पैशांत प्रत्येक घराला एक खोली जास्त.

पहिलं घर मेघनाच्या आईचं, अक्काबाईचं होणार होतं. मेघना बी.ए. झाली होती, वस्तीतली बालवाडी चालवत होती. मायलेकी एका पत्र्याच्या खोलीत राहायच्या. आईला हक्काचं घर मिळावं असं मेघनाला जिवापासून वाटे. पण मातीचं? आईचा जन्म मातीच्या भिंती सारवण्यात गेला होता. आता सरकार घर देतंय, तर तेही मातीचंच घ्यायचं?

"ही इट द्या मला," ती म्हणाली. "पान्यात ठिवते. इरघळली तर यंत्र गुंडाळा."

"ही आत्ताच काढलीय, जरा..."

"का? भ्या वाटतंय?"

तिनं एक भुवई उचलली. त्यानं वीट देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काबाईच्या दारात, वीट ठेवलेल्या टबात लाल चिखल होता. बघायला अख्खी वस्ती जमली. "ह्यात शेण कालवून गोवऱ्या थापा गं," म्हणून शेजारच्या सिंधुबाईनं सगळ्यांना हसवलं. रविंद्र आला, टबात डोकावला आणि कानापर्यंत लाल झाला.

"ओली होती ती. तीन आठवडे पाणी मारल्याशिवाय वीट पक्की होत नाही."

"ठावं होतं, मग दिलीच कशाला?" मेघनानं विचारलं.

"तुम्ही मागितली म्हणून."

बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. टब उचलायच्या निमित्तानं मेघना खाली वाकली ती लवकर वर बघेना.

वस्तीतले वडीलधारे म्हणजे तात्याबा. त्यांनी निकाल दिला. "पक्की इट आना, इंजिनेरसाहेब. पंधरवडाभर पान्यात ऱ्हाऊ दे. मंग सभंत ठरवू. टिकली न्हाय, तर मशीन दुसऱ्या गावाला न्या."

विटा ओल्या पोत्यांखाली पक्क्या झाल्या आणि त्यातली एक अक्काबाईच्या दारातल्या टबात जाऊन बसली. त्या दिवसापासून रविंद्रची मोटारसायकल रोज संध्याकाळी दारात उभी राहू लागली.

"कशी आहे?"

"हाय तशीच. तुमाला तिची लईच काळजी."

"तिची नाही... म्हणजे, तिचीही."

"इटंला च्या लागत आसंल तर आत या," अक्काबाई आतून म्हणाली.

मग चहा होऊ लागला. एका संध्याकाळी हस्ताच्या पावसानं गाठलं. पत्र्यावर असा काही मारा सुरू झाला, की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. मेघना गळक्या जागांखाली पातेली मांडत होती आणि रविंद्र तिच्या हाती एकेक पातेलं देत होता. एक पातेलं दोघांच्या हातात जरा जास्तच वेळ राहिलं. तिनं ते ओढून घेतलं नाही, त्यानंही सोडलं नाही. ती त्याच्याकडं बघून हसली आणि पाऊस इतक्यात थांबू नये असं तिला वाटलं.

सभा समाजमंदिरात भरली. टबातली वीट तात्याबांनी स्वतः काढली, जमिनीवर ठेवली आणि धोतर सावरत तिच्यावर उभे राहिले. दोन-चारदा अंगाचा जोर देऊनही पाहिलं. वीट जशीच्या तशी.

"झालं तर मंग," तात्याबा म्हणाले. "मंजूर?"

मेघना उठली. मन म्हणत होतं, बस खाली, कशाला मोडता घालतेस? यंत्र न्यायला ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. वस्ती नाही म्हणाली तर उद्याच यंत्र जाणार, आणि त्याच्यामागं तोही. पण आईचा चेहरा समोर होता.

"इट पक्की हाय, माजं काय म्हननं न्हाय," ती म्हणाली. "पन ही इट इतकी चांगली, तर साहेबलोकांच्या कॉलनीत का न्हाय? आमालाच का मातीचं घर?"

रविंद्र उठून उभा राहिला.

"बरोबर विचारलंत. कॉलनीत नाही," तो म्हणाला. "पण आमच्या घराला आहे. हे यंत्र इथं यायच्या आधी आमच्याच जागेत होतं. बारामतीत एमआयडीसीजवळ जोतं झालंय, विटा रचून ठेवल्यात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा."

"बगूनच ठरवू," तात्याबा म्हणाले. "अक्काबाई, घर पैलं तुजं. तू जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी मायलेकी बारामतीच्या एसटीत बसल्या. सभेपुरतं बोलला असेल तर? मेघनाच्या डोक्यातून ते जाईना. तो खोटा निघाला तर आईचं घर जाणार होतंच, पण तिचं स्वतःचं काय जाणार होतं ते तिला कुणापाशी बोलताही येत नव्हतं.

जागा एसटीच्या रस्त्यालाच लागून होती, आणि तिथं खरंच जोतं होतं. पोत्यांखाली विटांच्या चळती होत्या, मागची भिंत छातीभर उठली होती, आणि रविंद्रचे वडील ज्ञानदेव तिच्यावर नळीनं पाणी मारत होते.

"जय भीम. या, या," ते म्हणाले. "पोरानं सांगितलं हुतं, तुमी येनार."

अक्काबाईनं भिंतीवर बुक्की मारली. किल्लीनं ओरखडा काढून पाहिला. मग भिंतीला पाठ लावून जरा वेळ उभी राहिली.

"मेघे, असल्या घरात ऱ्हायाला मला लाज न्हाय वाटायची. सांग तात्यांना."

मेघनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती पुढच्या अंगाला, उघड्या जोत्यावर जाऊन उभी राहिली. रविंद्र मागून आला.

"काल मी फार घाबरलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नसतं तर सगळं तिथंच मंजूर झालं असतं."

"मी बी घाबरले हुते. तुमी जाल म्हनून."

"तरी विचारलंत?"

"माजी आई खाली मान घालून ऱ्हाईल असलं घर तुमी बांधनार न्हाय, ह्ये मला बगायचं हुतं. त्याबिगर... पुढचं काई मनात आनायचं न्हवतं."

"पुढचं म्हणजे?"

मागं भिंतीआड ज्ञानदेव अक्काबाईला चहाचा आग्रह करत होते. रविंद्रनं खिशातून खडू काढला.

"या बाजूची भिंत अजून धरली नाही," तो म्हणाला. "दार कुठं सोडायचं तेच ठरत नाहीये. तुम्ही सांगा ना."

"घर तुमचं. मला का इचारता?"

"तुम्ही इथं राहायला यावं असं वाटतं... म्हणून." तो थांबला. "मेघना, येशील?"

तिनं जोत्यावरून एक चक्कर मारली. कुठल्या बाजूला काय आहे ते सावकाश न्याहाळलं. मग त्याच्या हातातला खडू घेतला, खाली बसली आणि रस्त्याच्या अंगाला दोन रेघा ओढल्या.

"हितं सोड," ती म्हणाली. "आई एसटीतनं उतरली की मला दारातनं दिसली पायजे."