काळ्या गाळातून तांबडं पाणी

“गाळ सुरक्षित आहे. सामू सात पूर्णांक चार,” गाळ तपासणारा यंत्रमानव सातव्यांदा म्हणाला, आणि रेवतीने कपाळावर हात मारला.

“सुरक्षित? अरे, मग हे खेकडे काय झोपलेत?”

गाळाच्या ढिगालगतच्या गटारात पाच खेकडे उताणे पडले होते. पाण्याचा रंग गंजलेल्या पत्र्यासारखा तांबडा झाला होता.

शेवरे बंदराची खाडी उथळ झाली होती. मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून २०५८च्या दिवाळीनंतर तिच्या तळाचा गाळ उपसायचं काम सुरू झालं. गाळ टाकायचा कुठे? तर बंदरावरच्या पटांगणात! ते पटांगण साऱ्या गावाचं. तिथे बायका बोंबील सुकवत, पुरुष जाळी विणत, पोरं क्रिकेट खेळत. गावाने तीन सभांमध्ये कडाडून विरोध केला. तिन्ही वेळा गाळकाम अधिकारी हर्डीकर म्हणाले, “अहवाल स्वच्छ आहे,” आणि ‘चाचणीपुरता’ म्हणून एक ढीग टाकूनही मोकळे झाले. चार महिन्यांत ढिगाभोवतीचं गवत जळालं. आणि आता हे खेकडे.

रेवती तणतणतच घरी आली. तिची गुलाबआत्या समुद्र-रसायनतज्ज्ञ होती.

“आत्या, ते यंत्र खोटं बोलतंय!”

“यंत्र खोटं बोलत नाही गं. ते नमुना कुठला घेतं?”

“बोटीतला. ताजा, ओला, काळाकुट्ट.”

“आणि खेकडे मेले कुठे?”

“जुन्या ढिगापाशी. तो वाळलाय, वर तांबूस झालाय...” रेवती बोलता बोलता थांबली. “म्हणजे वाळल्यावर गाळ बदलतो?”

“जा, मोजून ये.”

रेवती आत्याचा सामूमापक घेऊन धावली. सामू म्हणजे आम्लता सांगणारा आकडा. शुद्ध पाण्याचा सात, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल तीव्र. वाळलेल्या गाळाचा सामू निघाला तीन!

आत्याने समजावून सांगितलं, “खाडीच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं गंधक वापरतात, आणि त्यातून पायराइट (लोह आणि गंधक यांचं संयुग) तयार होतं. पाण्याखाली ते हजारो वर्षं मुकाट पडून राहतं. पण गाळ उघड्यावर आला की हवेतला प्राणवायू त्याला गाठतो. गंधकाचं गंधकाम्ल होतं, लोह गंजून तांबडं होतं. आणि ते आम्ल गाळात अडकलेले विषारी धातूही सोडवतं.”

“म्हणजे गाळ वाईट नाही. त्याला चुकीच्या जागी आणलंय!”

रेवतीने आपलं मोजमाप हर्डीकरांपुढे ठेवलं. त्यांनी कागदाकडे धड पाहिलंही नाही.

“जुन्या ढिगात गावाचा कचरा मिसळला असेल. नियम ताज्या नमुन्याचा आहे, बाळ.”

“पण साहेब, ताजा गाळ ताजा राहणार आहे का?”

“नियम नियम असतो.”

रेवतीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आत्या मात्र म्हणाली, “ताजाच हवा ना? मग ताजाच दाखवू.”

चौथी सभा पटांगणातच भरली. यंत्रमानवाने सर्वांसमक्ष बोटीतून गाळ आणला. सामू सात पूर्णांक चार. हर्डीकर हसले. मग आत्याने चष्मा आणि हातमोजे चढवले आणि काचपात्रातल्या गाळावर हायड्रोजन पेरॉक्साइड (भरपूर प्राणवायू देणारा द्रव) ओतलं.

“हवेला जे करायला महिने लागतात, ते हे काही मिनिटांत करतं,” रेवतीने सभेला सांगितलं.

गाळ फसफसला. वाफ निघाली. काळा रंग विटून तांबूस झाला. निवल्यावर यंत्रमानवाने सामू मोजणारी सळई बुडवली.

“सामू दोन पूर्णांक सहा,” तो म्हणाला. मग, “हा गाळ जमिनीवर सुरक्षित नाही.”

हर्डीकर गडबडले. “पण... अहवालात या चाचणीचा रकानाच नाही.”

“मग रकाना आखा, साहेब!” मच्छीमार सोसायटीच्या यशोदाकाकी उठल्या. “पेन देऊ?”

सभा हसली. रेवतीला मात्र हसू आलं नाही. एवढी साधी गोष्ट पटवायला चार सभा आणि पाच खेकडे लागावेत?

पण रकाना आला. गाळ टाकणं थांबलं. खाडीच्या मुखाशी एक खोल खड्डा होता, उपसलेला गाळ त्यात, पाण्याखालीच ठेवायचं ठरलं. पटांगणातल्या ढिगात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिसळला, कारण शिंपल्यांतला चुना आम्लाला मारतो. पहिलं घमेलं हर्डीकरांनीच उचललं. “मला हे शिकवलंच नव्हतं कुणी,” ते आत्याला हळूच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात रेवतीला एका अनोळखी मुलीचा संदेश आला. ती दूरच्या एका बंदरात राहत होती आणि तिने सभेची बातमी वाचली होती. ‘आमच्या चौपाटीवर उद्यापासून गाळ टाकणार आहेत. सगळे म्हणतात, अहवाल स्वच्छ आहे. मी काय करू?’

रेवतीने एक लांब सुस्कारा सोडला. मग खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला बसली: ‘आधी त्यांना विचार, नमुना ओला होता की वाळलेला?’