खिडक्या मोजता येणारं शहर

धप्प! विमान धावपट्टीवर आपटलं, बेडकासारखं उसळलं आणि पडद्यावर लाल अक्षरं झळकली : 'उतरणे अयशस्वी'.

"परत आपटलं!" पिटुकला ओरडला.

"गप रे!" भिंगरीनं त्याला चिमटा काढला.

खुर्चीतली ताई नुसती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

विमान अर्थातच खरं नव्हतं. वैमानिक घडवणाऱ्या संस्थेतला तो सिम्युलेटर होता. आत खरीखुरी खुर्ची, खरा दांडा आणि समोर भिंतभर पडदा. आत्ता नुसता सराव चालला होता; परीक्षा मात्र खरी होती. ताई दोनदा नापास झाली होती. आज तीन वाजता तिसरी आणि शेवटची संधी. तीही हुकली, की वैमानिक होणं संपलं!

"माझ्या हातातच खोट आहे," एवढं म्हणून ताई बाहेर निघून गेली. भिंगरीची सख्खी बहीण होती ती!

"मागच्या सुट्टीत तर हीच ताई किती अलगद उतरवायची," भिंगरी म्हणाली. "तेव्हापासून इथं काय बदललंय?"

तिच्या मावसभावाला सगळे प्रोफेसर म्हणत. नाकावरचा चष्मा वर ढकलत तो म्हणाला, "पडदा! मामानं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा रेखीवपणा, सगळ्यात वर नेऊन ठेवलंय. आठ-के!"

मामा, म्हणजे या सिम्युलेटरचा सर्वेसर्वा, चहाला गेला होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

भिंगरी टुणकन खुर्चीत बसली. मामानं रोज एक फेरी मारायची परवानगी दिलीच होती. समुद्रावर विमान शहाण्यासारखं वळलं. मग शहर आलं. हजारो इमारती आणि प्रत्येकीची खिडकी न् खिडकी लखलखीत! तिनं दांडा डावीकडे ओढला. काहीच नाही. आणखी ओढला, आणि विमान एकदम भसकन कलंडलं!

"शहर आलं की हे आळशी होतं!" पिटुकला म्हणाला.

"शाबास!" प्रोफेसर नियंत्रणाच्या टेबलाकडे धावला. तिथला छोटा मॉनिटर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, शिक्षा केल्यासारखा. त्यानं तो फिरवला. "इथं दिसतं, कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतोय ते. आता परत समुद्रावर ने... साठ! आता शहर... अकरा! बिचाऱ्याची दमछाक होतेय. हात आधी हलतो, चित्र मागून येतं!"

"आणि धावपट्टी शहराच्या पलीकडेच आहे," भिंगरी हळूच म्हणाली.

तेवढ्यात मामा आला. "तो मॉनिटर कुणी फिरवला? त्याचा उजेड पडद्यावर पडतो! उद्या पाहुणे येणारेत, चित्र कसं झकास दिसायला हवं!"

"मामा, चित्र उशिरा येतंय!" भिंगरी म्हणाली.

"उगाच काहीतरी! मी स्वतः तपासलंय. साठच्या साठ!"

"कुठं तपासलंस?"

"कुठं म्हणजे? धावपट्टीवर विमान उभं करून!"

"तिथून शहर दिसतच नाही! उडवून बघ ना!"

"आता वेळ नाही. चला, बाहेर व्हा!"

दार उघडलं. परीक्षक बाई! बावीस वर्षं विमानं चालवलेल्या. त्यांच्यासमोर मामाचीसुद्धा बोबडी वळायची. मागे ताई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मुलांचं कोण ऐकणार? भिंगरीनं पिटुकल्याला पुढे ढकललं. "मॅडम, ह्यानं विमान नीट उतरताना कधीच बघितलं नाही. एकदा तुम्ही दाखवाल?"

"एकदाच हं, मॅडम!" पिटुकल्यानं डोळे एवढे मोठे केले, की नाही म्हणणं अवघडच.

बाई किंचित हसल्या आणि खुर्चीत बसल्या. समुद्र झकास पार झाला. शहर आलं. बाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी दांडा ओढला, परत ओढला...

धप्प! 'उतरणे अयशस्वी'.

बाईंनी दांडा सोडला.

"हे यंत्र माझं ऐकत नाहीये," बाई सावकाश म्हणाल्या.

प्रोफेसरनं न बोलता मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. भिंगरीनं सगळं घडाघडा सांगितलं. बाईंनी विमान परत शहरावर नेलं. मामानं आकडा पाहिला : अकरा. त्याचे कान लालबुंद झाले. "चित्राच्या नादात मी उडवून बघितलंच नाही," तो पुटपुटला आणि त्यानं रिझोल्यूशन खाली आणलं. खिडक्या जराशा पुसट झाल्या. आकडा साठवर जाऊन थांबला.

ठीक तीन वाजता ताई बसली. समुद्र. शहर. विमान जरासं कललं, तिनं लगेच सावरलं. भिंगरीनं प्रोफेसरचा दंड इतका घट्ट धरला, की तो कळवळला. धावपट्टी जवळ आली, आणखी जवळ...

चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत.

"उत्तीर्ण!" बाई म्हणाल्या. मग मामाकडे वळल्या. "पडद्याचं रिझोल्यूशन वाढवल्यापासून जेवढे नापास झाले, त्या सगळ्यांना परत बोलवा. मी प्रत्येक वेळी उमेदवाराच्या हातांनाच दोष दिला. एकदाही स्वतः खुर्चीत बसून बघितलं नाही. ते या तिघांनी मला करायला लावलं. शाबास रे पोरांनो!"

"आणि मला आज कान पकडायला हवेत," मामा म्हणाला. "माझेच!"

सगळे हसले. ताई मात्र अजून तळव्यांकडेच बघत होती. "म्हणजे माझे हात..."

"पहिल्यापासून बरोबर होते, ताई!" भिंगरी म्हणाली. तेव्हा कुठं ताईला रडू फुटलं, आणि त्याच दोन हातांनी तिनं भिंगरीला घट्ट जवळ ओढलं.