धनराजचं ताट

पहिल्याच ओळीत सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यासोबत घडली तो मयुरेश माझा सख्खा मावसभाऊ. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. यातलं शेवटचं तर मी स्वतः त्याच्या समोर बसून पाहिलंय.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. दोन वर्षांपूर्वीचा पितृपक्ष, सप्तमीचा दिवस, देवळ्याच्या पुढे तीन किलोमीटरवरचा एक मळा.

आठवलं की भीती नंतर वाटते. आधी किळस येते.

मयुरेशला तीन वर्षांपासून एकच वेड लागलं होतं. स्पोर्ट टूरर. म्हणजे वेगाला तेज आणि लांबच्या प्रवासाला आरामशीर अशी मोठी मोटारसायकल. पुढे उंच काच, मागे सामानाला दोन पेट्या. त्याला आणि तृप्तीला, म्हणजे त्याच्या बायकोला, लडाखला जायचं होतं. नवीन परवडत नव्हती. जुन्या पाहून पाहून तो थकला होता. कोणाचं मीटर मागे फिरवलेलं, कोणाची गाडी आपटून पुन्हा रंगवलेली.

आता पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी घेत नाही. शोरूममध्येसुद्धा माश्या मारत बसतात. पण आमच्या मयुरेशचं डोकं भलतीकडेच चालतं.

"अरे, या पंधरा दिवसांत गिऱ्हाईकच नसतं," तो मला म्हणाला होता. "विकणारा नरम असतो. घ्यायची तर आत्ताच."

मीही हसलो होतो. आता त्या हसण्याचा राग येतो.

देवळ्याची जाहिरात त्याला मोबाइलवर दिसली. साडेसहाशे सीसी, एकच मालक, अकरा हजार किलोमीटर. सोबत कुंदनला घेतलं. कुंदन त्याचा शाळेपासूनचा मित्र, सातपूरला गॅरेज चालवतो. गाडीच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नाही.

दोघे कुंदनच्या कारने साडेअकराला मळ्यावर पोचले.

विकणारा सोमनाथ. चाळिशीचा, तोंडात गुटख्याचा तोबरा, बोलताना ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ यायचा आणि तो मनगटाने पुसायचा. त्याच हाताने त्याने मयुरेशचा हात हातात घेतला.

"या दादा, या. गाडी माझ्या धाकट्या भावाची, धनराजची. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. कावीळ झालेली. शेवटचे वीस दिवस पोटात घास नाय गेला त्याच्या. गाडी मात्र एक नंबर हाय."

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. वर ताडपत्री.

शेडच्या छपरावर एक स्टीलचं ताट ठेवलेलं होतं. भात, खीर, वडे, भाजी. सप्तमी ही धनराजची तिथी होती. समोरच्या विजेच्या तारेवर पंधरा-वीस कावळे बसलेले.

एकही ओरडत नव्हता...

एकही खाली येत नव्हता...

"सकाळी दहापासून ठेवलंय," सोमनाथ म्हणाला. "मागच्या वर्षी पण असंच. शिवतच नाय."

मयुरेशचं लक्षच नव्हतं. त्याने ताडपत्री ओढली आणि तो पाहतच राहिला. काळी कुळकुळीत गाडी. एक ओरखडा नाही. साखळीवर गंज नाही, टायरला तडा नाही.

कुंदन खाली बसला. इंजिनला हात लावला.

आणि झटकन मागे घेतला...

"सकाळी चालू केली होती का?"

"कशी करणार? दोन वर्षं बंद हाय. बॅटरी काढून ठेवलीय, ती बघा फळीवर."

बॅटरी खरंच फळीवर होती. वर बोटभर धूळ.

कुंदनने सायलेन्सरला बोट लावलं. चटका बसला. तो मयुरेशच्या कानाशी येऊन म्हणाला, "भावा, ही गाडी आत्ता कुठूनतरी आलीय. आपण निघू."

"पत्रा तापलाय ना वर. उन्हाने तापली असेल," मयुरेश म्हणाला.

शेडमधला सायलेन्सर उन्हाने इतका तापत नाही, हे इंजिनिअर माणसाला मी सांगायचं का? पण गाडी डोळ्यांत भरली होती.

कुंदनने आणलेली बॅटरी जोडली. बटणाला बोट टेकलं न टेकलं, तोच गाडी सुरू झाली. मयुरेश मळ्याच्या रस्त्याने एक फेरी मारून आला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. फक्त हेल्मेट काढताना त्याने नाक मुरडलं.

"आत काहीतरी आंबल्याचा वास येतोय," तो म्हणाला.

हेल्मेट त्याचं स्वतःचं होतं. आदल्याच आठवड्यात घेतलेलं.

सौदा ठरला. मयुरेशने तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे पाठवले. पण सोमनाथ किल्ली देईना.

"आज भावाचं श्राद्ध. जेवल्याशिवाय किल्ली नाय द्यायचो."

कुंदन सरळ म्हणाला, "मी श्राद्धाचं खात नाही." आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मयुरेश मात्र बसला. हातात आलेली गाडी जेवणावरून जायला नको, एवढाच त्याचा विचार.

सोमनाथने आतून ताट आणून पुढ्यात ठेवलं.

ताट खालून तापलेलं होतं. चुलीवरून उतरवल्यासारखं. भात मात्र वरून वाळून कडक झालेला. खिरीवर जाड पिवळी साय, आणि त्या सायीत पाय रुतलेली काळी मुंगी अजून वळवळत होती. वडा मोडला तर आतून तार सुटली. पहिल्याच घासाला दाताखाली बारीक वाळू कचकचली.

मयुरेशने घास कसाबसा गिळला. त्याने वर पाहिलं.

सोमनाथ समोर उभा होता. मयुरेशने घास चावला की त्याचाही जबडा हलायचा... मयुरेशने गिळलं की तोही गिळायचा...

दाराच्या चौकटीला टेकून सोमनाथची आई, नवसाबाई, बसली होती. ती पुटपुटली, "जेवू दे त्याले. मना धनराज भुक्या शे."

माझा धनराज भुकेला आहे.

मयुरेशला वाटलं, म्हातारी दुःखाने भ्रमली आहे. त्याने श्वास धरून खीर एका दमात प्यायली. ताट स्वच्छ केलं.

बाहेर एकदम कावळे ओरडायला लागले. सगळेच्या सगळे.

कुंदन धावत आत आला. "पत्र्यावरचं ताट कुठे गेलं?"

कुंदनने मयुरेशच्या पुढ्यातल्या ताटाकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

सोमनाथ हसला. लाल दातांनी, मोकळेपणाने हसला.

"चिडू नका दादा. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवंना. दोन तास उभे आम्ही. मग मी हात जोडून बोललो, धनराज, तुझी गाडी घराबाहेर जाणार नाय. लगेच शिवला. आता शब्द दिलेला मोडता येत नाय आणि गाडी ठेवून काय करू? पण त्याचं ताट जो जेवला तो घरचाच ना? मग गाडी घराबाहेर गेली कुठं?"

असा माणूस असतो. दारात आलेल्याला मेलेल्याचं पान वाढतो आणि वर हिशेब समजावून सांगतो.

"मयुऱ्या, ऊठ," कुंदन म्हणाला. "गाडी नको आपल्याला. पैसे परत घे, चल."

तो क्षण होता. मयुरेशने उठायला हवं होतं, बाहेर जाऊन घशात बोटं घालून ओकायला हवं होतं. त्याने काय केलं माहीत आहे?

तो म्हणाला, "असं असेल तर थोडे पैसे परत द्या मग."

माझाच भाऊ आहे, पण हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला त्याचीही शिसारी आली. सोमनाथने लगेच होकार दिला. इतक्या लगेच, की अजून थोडं ताणायला हवं होतं असं मयुरेशला वाटलं.

भावडबारीचा घाट उतरून दोघे नाशिकच्या वाटेला लागले. मयुरेश गाडीवर, कुंदन मागे कारमध्ये. हायवेवर चहाला थांबले, तेव्हा कुंदनने दोन वडापाव आणले.

एक कावळा आला. टेबलावर उतरला. मयुरेशच्या हातातल्या वड्यात चोच घातली, घास घेतला आणि बाजूला सरकला. घाबरला नाही, घाई केली नाही.

मग दुसरा आला...

कुंदनच्या वडापावकडे एकानेही पाहिलं नाही.

तिथून ते रोजचं झालं. घरी जेवायला बसला की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कावळा हजर. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कावळा. तृप्ती खिडक्या लावायची तर काचेवर चोची आपटायच्या. मयुरेशच्या ताटाला आधी कावळा शिवायचा, मगच ते शांत व्हायचे.

आणि त्याच्या तोंडाचा वास...

नासलेल्या दुधाचा. दात घासले, औषधाच्या गुळण्या केल्या, डॉक्टरला दाखवलं. काही नाही. तृप्ती उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला लागली. "तू जवळ आलास की मला मळमळतं रे," असं ती रडत म्हणाली. लडाखचं नाव कोणी काढेना.

अठराव्या दिवशी मयुरेशला उलटी झाली. आठवडाभर तो फक्त भाकरी खात होता. बेसिनमध्ये भात पडला. शिजलेला, वळलेला, काळे तीळ लावलेला भात.

तृप्तीने ते स्वतः धुतलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "गाडी आजच्या आज परत देऊन ये. पैसे गेले तरी चालतील. मला तू हवा आहेस."

तो गेला. सोमनाथ ओट्यावर बसला होता.

"परत कशी घेणार? घरचीच गाडी हाय, घरच्याच माणसाकडं हाय," तो म्हणाला आणि बाजूला पचकन थुंकला.

मयुरेशने किल्ली ओट्यावर टाकली. एक पैसा मागितला नाही. नवसाबाई उठून आली. तिने त्याच्या गालावरून चिकट हात फिरवला. "बारीक व्हई गया मना पोऱ्या," असं म्हणाली. तो हात झटकून पळत सुटला आणि एसटीने नाशिकला आला.

दुसऱ्या दिवशी खिडकीत कावळा नव्हता.

आठवड्यात वास गेला. महिन्याभरात तृप्ती पुन्हा खोलीत झोपायला लागली. मयुरेश भरला, हसायला लागला. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटला.

मग गेल्या वर्षीचा पितृपक्ष आला.

सप्तमीला मी मुद्दाम सुट्टी घेऊन त्याच्या घरी गेलो. कोणी बोललं नाही, पण तो दिवस एकट्याने काढू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. सकाळपासून आम्ही एकाच खोलीत होतो. त्याने पाण्याशिवाय तोंडात काहीही घातलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो.

सव्वाबाराला तृप्तीने पानं वाढली. गरम पोळ्या, वांग्याची भाजी.

मयुरेश बसला. पोळीला हात लावला. आणि थांबला.

त्याचा जबडा हलत होता... तोंड रिकामं होतं, पण तो चावत होता... गिळत होता...

"काय झालं रे?" मी विचारलं.

त्याने ताट बाजूला सारलं. "नको मला. पोट भरलंय."

मग त्याला ढेकर आली. नासलेल्या खिरीचा भपकारा टेबलाच्या या बाजूपर्यंत आला. माझा घास तोंडातच राहिला. त्याच्या मिशीला काहीतरी पिवळं, चिकट लागलं होतं. साय होती.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. मेसेज होता. मोबाइल माझ्याजवळ होता, म्हणून मीच उघडला.

सोमनाथने पाठवलेला फोटो होता. पत्र्याचं छप्पर, त्यावर शेजारी शेजारी दोन ताटं. एक जसंच्या तसं. दुसऱ्यात कावळ्याने चोच घातलेली.

खाली लिहिलं होतं, "यंदा दोन ताटं ठेवली. धनराजचं अजून तसंच हाय. तुमच्या ताटाला ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला."

तृप्तीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. ती मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली.

मी तो फोटो पुसून टाकला. सोमनाथचा नंबर कायमचा बंद केला. मयुरेश अजून कामावर जातो, पगार आणतो, फोनवर माझ्याशी क्रिकेटच्या गप्पा मारतो. यंदाचा पितृपक्ष पुढच्या महिन्यात आहे.

त्या दुपारी मी निघताना त्याने माझा हात घट्ट धरला होता. अगदी जवळ येऊन त्याने विचारलं, "मी जिवंत आहे ना रे?"

मी हो म्हणालो. पण त्याच्या तोंडाचा वास मला सहन होईना, म्हणून मान दुसरीकडे फिरवून म्हणालो.