प्रेत बोललं तर ऐकू नये

पोरांनो, एक विचारतो, बघा सांगता येतंय का. जो माणूस जन्मभर थट्टाच करत आला, तो एके दिवशी कळवळून म्हणाला, वाचवा मला, तर विश्वास कशावर ठेवायचा? त्याच्या आजच्या शब्दावर, की कालपर्यंतच्या लौकिकावर?

विचार करा. शटर ओढलंय ना? मग तो हीटर जरा इकडे सरकवा. ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर बेतली ती बाई वीस वर्षं आपल्या या भाड्याच्या पोशाखांच्या दुकानाचं गिऱ्हाईक आहे.

हेझल पिंचबेक. दलदलीकडच्या रस्त्याला ऑल्डरविक लागतं ना, तिथली. गावच्या हॉलची चावी तिच्याकडे आणि दर नोव्हेंबरात तिथे खुनाच्या खेळाची जेवणावळ घालायची तीही तिनेच. आपलं निम्मं दुकान त्याच खेळावर चालतं, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं! पाकिटातून प्रत्येकाला एकेक सोंग मिळतं, कुणी सरदारीण, कुणी बटलर. मग एकाचा खून पडतो आणि बाकीच्यांनी जेवता जेवता खुनी हुडकायचा.

२०१९ साल. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. हेझल इन्स्पेक्टरचा कोट न्यायला आली.

"चांगला ऐसपैस द्या," म्हणाली. "भाऊ सुटलाय माझा."

भाऊ म्हणजे नेव्हिल. निवृत्त मास्तर, लग्न केलेलं नाही. आईबाप गेल्यावर एका घरात ही दोघंच भावंडं. खेळात त्याला दोन कामं असायची. पहिल्या भागात लॉर्ड होऊन मरायचं आणि नऊच्या ठोक्याला इन्स्पेक्टर होऊन परत यायचं.

"मेल्यावरसुद्धा सोडत नाही भावाला!" मी म्हणालो.

"जिवंतपणी कुठे कामाला येतो तो?" हेझल हसली.

कोट-हॅट पिशवीत घालून तोंडाला मी आपला लाल टॅग मारला. एकदा तोडला की पुन्हा न जुळणारा. टॅग शाबूत म्हणजे कपडा अंगाला लागलेला नाही, हे लक्षात ठेवा.

आता नेव्हिलची खोड सांगतो. आदल्या वर्षी मेलेला पडला असताना त्याने केकच्या एकेका तुकड्याच्या बदल्यात लोकांना खुन्याचं नाव फोडलं होतं. सगळा खेळ पाण्यात. म्हणून या खेपेला हेझलने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली आणि प्रेताच्या खोलीच्या दारावर लावली. 'प्रेताला हात लावू नये. प्रेत बोललं तर ऐकू नये.'

शनिवारी, सोळा तारखेला, बेचाळीस माणसं जमली. साडेसातला नेव्हिल स्वयंपाकघरात आला. अंगात लॉर्डचा मखमली कोट, हात छातीवर.

"हेझी, बरं वाटत नाहीये गं. इथे कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटतंय."

हेझी हे तिचं लहानपणचं नाव. तो एकटाच त्या नावाने हाक मारायचा.

"सोंग घ्यायच्या आधी दरवर्षी तुझं काहीतरी असतंच," ती मटणाचं तबक ओव्हनमध्ये सरकवत म्हणाली. "गेल्या वर्षी पोटात दुखत होतं."

"आज खरंच सांगतोय."

"मग लवकर मर! तासभर पडून राहशील, तेवढीच विश्रांती."

तो हसला. तिला पुढे कायम आठवत राहिलं ते हे, की तो हसला होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी दिवे गेले, किंकाळी झाली, दिवे आले. खुर्च्या रचून ठेवायच्या खोलीत लॉर्डसाहेब मरून पडले होते. पाच-पाच जण बॅटरी घेऊन आत जायचे, पुरावे टिपायचे, हसत बाहेर यायचे.

"नेव्हिलने या वर्षी कमाल केली बुवा!" खाटीक बार्नी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावत म्हणाला. "मला म्हणतो, ॲम्ब्युलन्स बोलव. मी म्हटलं, मास्तर, पाटी वाचली आम्ही!"

"मला म्हणाला, पॉलीन, तू नर्स आहेस, नाडी तरी बघ," पॉलीनबाई शेरीचा घोट घेत सांगू लागल्या. "घाम तर काय आणलाय! अडतीस वर्षं वॉर्डात काढली मी, पण फसले असते हो. हात लावायची बंदी नसती तर बघितलीच असती नाडी."

हेझल हसली. पण हसू अर्ध्यातच राहिलं. हात पुसत ती खोलीच्या दारापाशी गेली. आत कुणी नव्हतं त्या घटकेला. दार लोटलेलं होतं.

आतून हाक आली.

"हेझी..."

हे नाव खेळात नव्हतं. गावात कुणाला ठाऊकही नव्हतं.

ती कडीला हात घालणार, तेवढ्यात डोळ्यांसमोर पाटी आली. स्वतःचंच अक्षर. मागून कुणीतरी ओरडलं, "हेझल, मटण करपतंय!" आणि तिच्या मनात आलं, लबाड आहे मेला, मलाही फसवतोय.

ती परत फिरली.

नऊचा ठोका पडला. हॉलचं मागचं दार उघडलं.

लांब कोट. डोळ्यांवर ओढलेली हॅट. हातात छोटी वही. टाळ्या पडल्या. दरवर्षी इन्स्पेक्टर येताच चार विनोद करायचा. या वेळी एकही नाही.

तो पहिल्या टेबलापाशी थांबला.

"आठ वाजून दहा ते नऊ... आपण कुठे होतात?"

"बागेत गुलाब छाटत होते, इन्स्पेक्टरसाहेब!" सरदारीण झालेल्या पॉलीनबाई लाडात म्हणाल्या.

त्याने लिहिलं. पुढे गेला.

"आठ वाजून दहा ते नऊ... आपण?"

"तळघरात दारू मोजत होतो." हा बटलर, म्हणजे बार्नी.

लिहिलं. पुढे. प्रत्येकाला तेच. तोच आवाज, तोच प्रश्न. सोंगातली माणसं सोंगातली उत्तरं देत होती. हळूहळू हसणं विरळ झालं. मग थांबलं. तो ज्या टेबलापाशी जाई तिथल्या बायका शाली ओढून घेत.

बेचाळीस उत्तरं झाली. तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आला. हेझलला तर पाकीटच नव्हतं, सोंगही नव्हतं.

"आणि आपण?"

"मी... ओव्हनपाशी."

पेन्सिल थांबली.

"हाक... ऐकू आली होती?"

सगळे बघत होते. हॅटच्या सावलीत चेहरा दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं...

"नाही," हेझल म्हणाली.

तो तसाच उभा. पेन्सिल कागदावर टेकलेली. मग वही मिटली, आणि तो खुर्च्यांच्या खोलीत गेला. दार लोटलं गेलं.

टाळ्या पडल्या. तुरळक.

"बास कर आता," म्हणत हेझल मागोमाग गेली. दिवा लावला.

नेव्हिल जमिनीवर होता. खुर्च्यांच्या दोन चळतींमध्ये. अंगात लॉर्डचा मखमली कोट. एक हात दाराकडे लांब केलेला. हाताची बोटं... थंड. लाकडासारखी.

त्या खोलीला दुसरं दार नाही, पोरांनो.

डॉक्टर म्हणाले, फार तर साडेआठपर्यंत जीव होता, आणि वेळेवर नेलं असतं तर वाचण्यासारखा होता. हे तिच्या तोंडावर सांगितलं. बेचाळीस माणसांनी पोलिसाला सांगितलं, नऊनंतर तो आमच्याशी बोलला. पोलिसाने ते लिहून घेतलं नाही.

बुधवारी हेझल इथे आली, या गल्ल्यासमोर. कोटाची पिशवी स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला होती तशीच मिळाली, म्हणाली. मी टॅग पाहिला. लाल. शाबूत. तिच्यादेखत मी तो कात्रीने कापला. कोटाची घडीसुद्धा मीच घातलेली होती.

खिशात वही निघाली. आपण वही देत नाही कुणाला.

बेचाळीस नावं. समोर बेचाळीस उत्तरं, बाग, तळघर, सगळी. नेव्हिलचं तिरकं, मास्तरी अक्षर. शेवटच्या ओळीत एकच नाव होतं, 'हेझी'. त्यापुढे जागा मोकळी. पेन्सिल टेकल्याचा एक ठिपका फक्त.

हेझलने पेन मागितलं. त्या जागेत लिहिलं, 'ऐकली होती.' वही घरी नेववेना तिला, म्हणून मी कपाटात ठेवली.

सकाळी कपाट उघडून पाहिलं. ओळ कोरी. शाईचा डागही नाही.

दर नोव्हेंबरात येते. लिहिते. कधी पेनने, कधी पेन्सिलने. गेल्या वर्षी तर मी मनगट धरलं तेव्हाच लिहिता आलं. सकाळी जागा कोरी... आणि ठिपका तेवढा तसाच.

वही या खालच्या खणात आहे. नाही, आज नको काढायला.

एवढंच मागणं आहे, बाबांनो. तुमच्या दारी माणसं आली, तर आली किती, गेली किती, कुणी हाक मारली, आपण ओ दिली की नाही, हा हिशेब खरा ठेवा. आणि त्या घटकेलाच मांडा.