मूळ नकाशात नसलेला कठडा

हे खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, माझ्यासमोर घडलंय.

समुद्राकाठचं ते काच-सिमेंटचं, सपाट छपराचं घर माझ्या आत्याचं. तिच्या नवऱ्याने बांधलेलं. भिंतीतून निघालेल्या अधांतरी पायऱ्यांचा जिना तर फार नावाजलेला.

उतारवयात आत्याचे गुडघे गेले. तिने जिन्याला साधा लाकडी कठडा लावून घेतला.

मग घर जतन करायला समिती आली. घर आमच्या ताब्यात द्या, मरेपर्यंत इथेच राहा, असं समितीवाले म्हणाले. आत्याला तेवढंच हवं होतं.

पण कठडा काढला.

"मूळ नकाशात नाही," समितीचे साहेब म्हणाले.

"नकाशा काढला तेव्हा आमचे हे तिशीचे होते," आत्या म्हणाली. "त्यांना काय ठाऊक म्हातारपण?"

कोण ऐकतंय! जपायचं होतं ते घर. आत्या म्हणजे असून अडचण.

महिन्याभरात ती त्याच जिन्यावरून पडली. गेली. मग साहेबांनी पाटी लावली, 'सांभाळून उतरा'. बैल गेला आणि झोपा केला.

आत्याचं कुणीतरी तिथे असावं, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना घर दाखवायचं काम धरलं.

त्या दुपारी काठी टेकत एक आजी आल्या. त्या वर गेल्या, मी खाली दाराशी.

अचानक लाटांचा आवाज थांबला...

वरून पावलं आली. दोघींची...

वळून पाहिलं. आजी एकट्याच होत्या. काठी काखेत. एक हात मात्र हवेत, कुणी धरल्यासारखा...

"तुमच्या त्या बाई फार जपून उतरवतात हो," खाली येऊन त्या म्हणाल्या. "हात तेवढा गार आहे त्यांचा."

घरात आम्ही दोघीच होतो.

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. "बघा, कठड्यावाचून कुणाचं अडत नाही."

मला भीती नाही वाटली. संताप आला.

परवा साहेब स्वतः वर गेले. त्यांचंही वय झालंय आता. ते उतरताना मी कान देऊन होते.

पावलं एकट्याचीच...

मधल्या पायरीवर पावलं थांबली.

"जरा हात द्या हो," साहेब म्हणाले.

मी निघाले. खरंच निघाले होते.

पण कुणीतरी मागून माझं मनगट धरलं... गार बोटांनी. घट्ट.

साहेब शेवटी बसून, एकेक पायरी सरकत खाली आले. तेव्हाच माझा हात सुटला.

माझी आत्या असं करणारी बाई नव्हती हो. शेजारणीशीसुद्धा कधी अबोला धरला नाही तिने. मग ती कोण होती?